सिगारेट सुटल्यावरचा विसावा

प्रश्न : मी ४७ वर्षांचा असून नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात देखभाल विभागात पर्यवेक्षक आहे. अनेक वर्षे रोज दहा-बारा सिगारेटी ओढल्यानंतर दोन महिन्यांपूर्वी मी त्या पूर्णपणे बंद केल्या. तलफ आता बरीच कमी झाली आहे. अडचण वेगळीच आहे. सकाळी अकराच्या आणि दुपारी चारच्या चहाला सहकाऱ्यांबरोबर टपरीवर जाऊन एक सिगारेट ओढली की डोक्यावरचा ताण उतरत असे. आता चहा होतो, पण ताण उतरत नाही. यंत्र बंद पडले, वरिष्ठ बोलले किंवा घरी वाद झाला की काय करावे ते सुचत नाही. चॉकलेट, च्युइंग गम करून पाहिले. त्याने वजन तेवढे वाढले. सिगारेटइतकी शांतता देणारे दुसरे काही आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या प्रश्नात सिगारेटला तिच्या लायकीपेक्षा जास्त श्रेय मिळाले आहे, म्हणून आधी तो हिशेब पाहू. निकोटिन हे उत्तेजक द्रव्य आहे. झुरका घेतल्यानंतर दहा ते वीस सेकंदांत ते मेंदूपर्यंत पोहोचते, नाडीचे ठोके आणि रक्तदाब वाढवते आणि सुमारे दोन तासांत रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. रोज ओढणाऱ्याच्या मेंदूला ही घट लगेच जाणवते. चिडचिड सुरू होते, लक्ष विचलित होते, हातापायांना स्वस्थता राहत नाही. पुढची सिगारेट ही अस्वस्थता घालवते आणि आपण त्याला ‘ताण उतरला’ असे म्हणतो. म्हणजे अकरा वाजता उतरणारा ताण बऱ्याच अंशी सकाळच्या सिगारेटनेच मागे ठेवलेला असे. सावकाराचे देणे फेडण्यासाठी त्याच सावकाराकडून पुन्हा उसने घ्यावे, तसा हा व्यवहार होता. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१४ साली २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत ते सोडणाऱ्यांमधील चिंता, उदासी आणि ताण कमी झाल्याचे त्यात आढळले. मात्र हा फरक सोडल्यानंतर काही आठवडे उलटल्यावर मोजलेला आहे. पहिल्या पंधरवड्यात कोणालाही तो जाणवत नाही, उलटच वाटते.

निकोटिन बंद झाल्याची शारीरिक लक्षणे पहिल्या आठवड्यात सर्वांत तीव्र असतात आणि साधारण चार आठवड्यांत ओसरतात. तुम्ही तो टप्पा ओलांडला आहे. तेव्हा आज तुम्हाला जे कमी पडते आहे, ते निकोटिनपेक्षा त्या सिगारेटभोवतीची सुट्टी आहे, असे माझे मत आहे. त्या सात-आठ मिनिटांत काय काय घडत होते, ते आठवून पाहा. यंत्रांच्या आवाजातून तुम्ही बाहेर पडत होता. उजेडात, मोकळ्या हवेत उभे राहत होता. तेवढ्या वेळात कोणी काम सांगत नसे, कारण आपल्याकडे ‘जरा सिगारेट ओढून येतो’ हे जागेवरून उठण्याचे सर्वमान्य कारण आहे, तर ‘जरा उभा राहून येतो’ म्हणणारा माणूस आळशी ठरतो. हाताला चाळा होता, सोबत्यांशी चार शब्द बोलणे होत होते, आणि श्वास सावकाश आत ओढून सावकाश बाहेर सोडला जात होता. या सगळ्यात घातक होता तो धूर. बाकीचे सगळे हितकारकच होते. सिगारेट सोडताना तुम्ही धुराबरोबर ही सुट्टीही सोडून दिली आणि तिच्या जागी चॉकलेट ठेवले. दमलेले डोके चॉकलेटने कसे ताजेतवाने होणार?

म्हणून पहिली गोष्ट अशी की, अकराची आणि चारची सुट्टी पुन्हा सुरू करा आणि कोणी विचारले तर संकोच न करता ‘चालून येतो’ असे सांगा. पुढचे काही महिने टपरी टाळलेली बरी. सोबत्यांशी वैर नको, पण दुसऱ्याच्या सिगारेटचा वास आणि हातातला चहा एकत्र आले की जुनी सवय जागी होते. न ओढणारा एखादा सहकारी असेलच. त्याच्याबरोबर कारखान्याच्या आवारात दहा मिनिटे झपझप चाला आणि चहा त्यानंतर घ्या. थोडा वेळ वेगाने चालल्याने तलफ चालताना आणि त्यानंतर काही काळ कमी होते, हे अनेक प्रयोगांत दिसून आले आहे.

दुसरी गोष्ट श्वासाची. मनात चारपर्यंत मोजत नाकाने श्वास आत घ्यावा आणि सहापर्यंत मोजत सोडावा. मिनिटाला साधारण सहा श्वास होतील, अशा गतीने पाच मिनिटे हे करावे. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती मंदावते आणि शरीराला स्वस्थतेचा संकेत मिळतो. चक्कर आल्यासारखे वाटले, तर लगेच नेहमीच्या श्वासावर यावे. हा सराव आधी निवांत वेळी, रोज सकाळी करावा लागतो. बहुतेक लोक तो आयुष्यात पहिल्यांदा ऐन रागाच्या भरात करून पाहतात आणि ‘याने काही होत नाही’ असा निकाल देतात. (‘प्राणायाम करा’ एवढे दोन शब्द उच्चारून सल्ला संपवणाऱ्यांचाही यात दोष आहे.) डोळे मिटून बसणे तुमच्या स्वभावात नसेल, तर त्याची सक्ती करून घेऊ नका. तुमचे आयुष्य हातात अवजार धरण्यात गेले आहे. अशा माणसाला घरातला बिघडलेला पंखा उघडून बसण्यात, कुंड्यांची माती बदलण्यात किंवा भजनी मंडळात टाळ-पखवाज वाजवण्यात ध्यानापेक्षा अधिक विश्रांती मिळू शकते.

घरातल्या वादाबद्दल स्वतंत्रपणे लिहितो, कारण तेथे सिगारेट एक उपयुक्त काम करीत होती, हे मान्य करायला हवे : ती तुम्हाला भांडणातून उठवून बाहेर नेत होती. ते बाहेर जाणे कायम ठेवा. मात्र वातावरण शांत असताना पत्नीला आधीच सांगून ठेवा की, ‘मी दहा मिनिटांत येतो’ म्हणून उठलो, तर ते वाद टाळण्यासाठी नसून डोके थंड करण्यासाठी आहे. आणि दहा मिनिटांनी खरोखर परत या. वरिष्ठांसमोर उठून जाता येत नाही. तेथे उत्तर देण्यापूर्वी एक सावकाश उच्छ्वास, त्यानंतर जमल्यास पाण्याचे चार घोट, एवढेच हाती असते आणि बहुतेक वेळा ते पुरते.

वजनाची फार चिंता करू नका. धूम्रपान सोडल्यानंतर पहिल्या वर्षात सरासरी चार ते पाच किलो वजन वाढते. चॉकलेटऐवजी भाजलेले चणे, काकडी, गाजर जवळ ठेवा, आणि वर सांगितलेले चालणे येथेही उपयोगी पडेल.

प्रश्न : मी ३४ वर्षांची असून पुण्यात संगणक क्षेत्रात आहे. माझी कामाची पाळी रात्री दोनला संपते. घरी आल्यावर गॅलरीत एक सिगारेट ओढणे आणि मग झोपणे, असा क्रम कित्येक वर्षे होता. तीन आठवड्यांपूर्वी सिगारेट सोडली. आता पहाटेपर्यंत डोळा लागत नाही आणि छातीत धडधडते. कामावर चार कप कॉफी होते, पण ती पूर्वीही होतच असे. मी सिगारेट ओढत होते हे सासरी कोणालाही माहीत नाही, त्यामुळे याविषयी घरात बोलता येत नाही.
— एक वाचक, पुणे

उत्तर : पूर्वी पचणारी चार कप कॉफी आता तुम्हाला जड जात असण्याची दाट शक्यता आहे. सिगारेटच्या धुरातील काही रसायने, निकोटिन नव्हे, यकृतातील एका विकराची (एन्झाइमची) गती वाढवतात आणि कॅफिनचे विघटन करणारा विकर नेमका तोच आहे. धूर बंद झाला की काही दिवसांतच त्या विकराची गती पूर्ववत होते, कॅफिन शरीरात जास्त वेळ टिकते आणि तेवढ्याच कॉफीने धडधड, हातांची थरथर व निद्रानाश होऊ लागतो. आपण मात्र याचा सगळा दोष सिगारेट सोडण्याला देतो. कॉफी निम्म्यावर आणा आणि शेवटचा कप झोपण्याच्या निदान सहा तास आधी घ्या. त्यानंतरही धडधड राहिली, तर वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. याच कारणाने दम्यावरील थिओफायलिन, मानसिक आजारांवरील क्लोझापिन व ओलान्झापिन अशा काही औषधांच्या मात्राही धूम्रपान सोडल्यावर कमी कराव्या लागतात. ही औषधे घेणाऱ्या वाचकांनी आपल्या डॉक्टरांना सिगारेट सोडल्याचे अवश्य सांगावे.

झोप विस्कटणे हे निकोटिन सुटल्याचेही लक्षण आहे आणि तीन आठवड्यांनी ते उतरणीला लागलेले असते. उरतो तो प्रश्न त्या गॅलरीचा. ती सिगारेट ‘आजचे काम संपले’ अशी खूण होती, आणि ती नाहीशी झाल्यामुळे तुमचे काम रात्री दोनला संपत नाही, ते अंथरुणात तुमच्याबरोबर येते. दुसरी खूण ठरवा, पण ती रोज तीच आणि त्याच क्रमाने असू द्या. कोमट पाण्याने अंघोळ, कपडे बदलणे, मंद दिवा, आणि मग अंगाचे क्रमाने शिथिलीकरण. अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात ही पद्धत विकसित केली. शवासनात पडावे, पायांचे स्नायू पाच-सहा सेकंद आवळून एकदम सोडावेत, आणि असेच पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे, चेहरा असे वर यावे. स्नायू आवळताना आणि सोडताना जाणवणारा फरक हाच या पद्धतीचा गाभा आहे. घाईने उरकल्यास तो हाती लागत नाही. गॅलरीत काही आठवडे रात्री जाऊ नका.

दोन गोष्टींना विश्रांती समजू नका. एक मोबाइल आणि दुसरी मद्य. मद्याने झोप लवकर लागल्यासारखी वाटते, परंतु ती उत्तररात्री मोडते, आणि सोडलेली सिगारेट पुन्हा हातात येण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे.

पुरुषाने सिगारेट सोडली की घरात त्याचे कौतुक होते. स्त्रीला मात्र ती ओढत होती हेच आधी ऐकावे लागते. तुमचे मौन मला समजते आणि ते मोडण्याचा आग्रह मी करणार नाही. परंतु बोलण्यासाठी घरच्यांखेरीजही माणसे आहेत. केंद्र सरकारच्या तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेच्या १८००-११-२३५६ या क्रमांकावर विनाशुल्क समुपदेशन मिळते. उदासी दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकली, तर ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येईल, तुमच्या कामाच्या पाळीच्या वेळा पाहता हे सोयीचे आहे.

प्रश्न : माझे वडील ६३ वर्षांचे आहेत. डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांनी बिडी सोडली, याला सहा महिने झाले. परंतु निवृत्तीनंतर वेळ जात नाही, जिवाला जरा करमणूक हवी, असे म्हणून ते आता दिवसातून चार-पाच वेळा खर्रा खातात. ‘यात धूर नाही’ असे त्यांचे म्हणणे आहे. हे चालेल का?
— एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : चालणार नाही. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना यांचे घोटलेले मिश्रण. बाबांची बिडी सुटली, तंबाखू सुटलेली नाही. त्यातून तंबाखू काढून नुसती सुपारी खाल्ली तरी धोका टळत नाही, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीलाच मानवी कर्करोगाचे कारण म्हणून नोंदवले आहे.

त्यांना रागावू नका. बिडी सोडणे ही मोठी गोष्ट त्यांनी केली आहे आणि ते बोलून दाखवा. तोंडाला चाळा म्हणून बडीशेप, भाजलेले जवस-तीळ किंवा लवंग खिशात देता येईल. खर्ऱ्याची तलफ आवरत नसेल, तर डॉक्टरांना विचारून निकोटिनचा गम द्यावा. तो सतत चघळायचा नसतो, चुरचुर जाणवली की गालात धरून ठेवायचा असतो, हे त्यांना नीट समजावून सांगावे लागेल. परंतु ‘वेळ जात नाही’ हे त्यांचे वाक्य मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्यांना विश्रांती पुष्कळ आहे. कमी आहे ती सोबत आणि कोणीतरी वाट पाहत असलेले काम. नातवंडांना शाळेतून आणणे, बाजाराचा हिशेब, वाचनालयात सकाळचा तास, असे ठरलेल्या वेळेचे एक तरी काम त्यांच्याकडे खरोखर सोपवा आणि ते त्यांच्याकडून परत घेऊ नका.

दरम्यान त्यांना आरशासमोर तोंड पूर्ण उघडायला सांगा. त्यांच्याच हाताची तीन बोटे एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये मावत नसतील, तिखट खाताना तोंडाची आग होत असेल किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत बरा होत नसेल, तर खर्रा सुटण्याची वाट न पाहता त्यांना दंतवैद्याकडे घेऊन जा.