जमीन विकून आलेल्या ४० कोटींपैकी हाताशी किती ठेवावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्धा रोडची जमीन विकली, कर भरून ४० कोटी उरले, तिघे भाऊ एकत्र आहात, बाबूजींनी एका वसतिगृहाला शब्द दिलाय, आणि सल्लागार म्हणतो पाच टक्के मोकळे ठेवा, बाकी गुंतवा.

पाच टक्के म्हणजे २ कोटी. मी नागपूरच्या इतवारीतल्या काही व्यापारी घरांचे हिशेब बघतो, तिथे आम्ही उलटीकडून मोजतो: येत्या दोन वर्षांत कोणाला काय द्यायचंय? तुमचेच आकडे घ्या. तिन्ही घरांचा खर्च वर्षाला ९० लाख, वसतिगृहाला वर्षाला ६० लाख, आणि एआयएफमध्ये (पर्यायी गुंतवणूक फंड: रक्कम आधी कबूल करायची, फंड मागेल तशी भरायची) कबूल केलेल्या ४ कोटींपैकी ३ कोटी फंडाने अजून मागितलेलेच नाहीत. दोन वर्षांचे झाले ६ कोटी.

यातलं एआयएफचं हमखास विसरलं जातं. पैसे खात्यातून गेलेले नसतात, म्हणून ते आपलेच वाटतात. फंडाचं पत्र आलं की मुदतीत भरावे लागतात. चुकलात तर करारानुसार व्याज, दंड, प्रसंगी युनिटांवरही पाणी. बाजार पडला की जुन्या गुंतवणुकीतून परत येणारा पैसाही आटतो. २००८ च्या डिसेंबरात खुद्द हार्वर्ड विद्यापीठावर अडीच अब्ज डॉलरचे कर्जरोखे काढायची पाळी आली होती. पैसा भरपूर होता, पण बराचसा अडकलेला.

वसतिगृहाचा शब्द हे देणंच समजा आणि तारखा घालून वहीत लिहा. रामनवमीच्या शोभायात्रेत वाटायचं सरबत, दीक्षाभूमीवरचं अन्नदान, ओळखीतल्या पोराची फी हे सगळं वेगळं. त्यासाठी वर्षाची एक रक्कम बाबूजींच्या हाती द्या आणि हिशेब मागू नका. (तुमच्या सीएला हे पटणार नाही.) करसवलत धरून दान ठरवत असाल तर नव्या करप्रणालीत दानावरची वजावट (८०जी म्हणतात ती) मिळत नाही, आणि जुन्या प्रणालीतही २,००० रुपयांवरचं रोख दान त्यात बसत नाही.

हे ६ कोटी लिक्विड फंड (पटकन काढता येणारा म्युच्युअल फंड), ट्रेझरी बिलं (सरकारचे अल्प मुदतीचे रोखे) आणि वेगवेगळ्या तारखांना मुदत संपणाऱ्या एफडींत ठेवा. सगळं एकाच बँकेत नको, ठेवींचा विमा एका बँकेत ठेवीदारामागे ५ लाखांपुरताच असतो. एक एफडी मार्चच्या पहिल्या आठवड्यात मोकळी होईल असं बघा, १५ तारखेला ॲडव्हान्स टॅक्सचा शेवटचा हप्ता येतो.

खरं भोक मात्र घरातच पडतं. "पार्टीचं पेमेंट अडकलंय, दोन महिन्यांत देतो" म्हणून धाकट्याच्या बुटीबोरीच्या कारखान्याला पैसे जातात आणि तिथेच राहतात. कारखान्याला लागलंच तर बँकेकडून सीसी लिमिट (कॅश क्रेडिट, लागेल तसं उचलायचं कर्ज) घ्या, व्याज गेलं तरी चालेल. या ६ कोटींतून उचलायला दोन भावांच्या सह्या लागतील असं आत्ताच, सगळं गोडीत असताना, बँकेला लिहून द्या.

दुसऱ्या एआयएफचं माहितीपत्रक आलंय म्हणता. पहिल्याचे ३ कोटी भरून होईपर्यंत त्यावर सही नको.