प्रभू माझ्याशीच का बोलत नाही?

नागपुरात सदर, मोहननगर भागातून समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो. प्रार्थनासभेत साक्ष देणाऱ्यांना, म्हणजे आपला अनुभव सांगणाऱ्यांना, प्रभूचा आवाज ऐकू येतो, मला येत नाही. म्हणजे देव माझ्यावर नाराज आहे का?

एक प्रसंग सांगते, ओळख पटू नये इतके तपशील बदलून. पंचविशीतली नर्स. पुण्याच्या हॉस्पिटलमधून नोकरीचं पत्र आलेलं, हो-नाही कळवायचं होतं. वडील नाहीत, आईला बीपी. प्रार्थनासभेतल्या एका ताईंनी बजावलं, "प्रभूचा शब्द मिळाल्याशिवाय पाऊल उचलू नको." तेव्हापासून हिचे उपास सुरू. नाईट ड्यूटीवर चक्कर येऊन पडली, तेव्हा आई घेऊन आली. "जेवत नाही, झोपत नाही. काहून असं करते, तुम्हीच विचारा जी."

मुलीने पर्समधून वही काढली. पानावर मधोमध रेघ. डावीकडे पाप, उजवीकडे क्षमा मागितल्याची तारीख. सहावीत मावशीच्या पर्समधून घेतलेले दहा रुपये. "मेसमध्ये जेवले" असं आईला सांगितलेलं खोटं. काही पापांपुढे तर तीन-तीन तारखा.

आधी मी नेहमीचे प्रश्न विचारले. कानात कुणी बोलतं का, शिव्या देतं, हुकूम सोडतं का? जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का? एकालाही "हो" आलं असतं तर तिला थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. प्रादेशिक मनोरुग्णालय आपल्या गावातच आहे, आणि तिथे गेल्याने कुणाचा विश्वास कमी ठरत नाही. तिचं उत्तर होतं, "काहीच ऐकू येत नाही मॅडम, तेच तर दुखणं आहे. येशूच्या बाप्तिस्म्याला आकाशवाणी झाली, तसं एकदा तरी..."

मी स्वतः ख्रिस्ती असले तरी समुपदेशनात पवित्र शास्त्र आपणहून काढत नाही. तिनेच काढलं, म्हणून मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय, येशूच्या बाप्तिस्म्याचा, मोठ्याने वाचायला सांगितला. आकाशवाणी एवढीच: "तू माझा पुत्र, मला परमप्रिय आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे." यात कुठे जा, कुठे थांब, काहीच नाही. मी विचारलं, तोवर येशूने काय काय केलं होतं? ती पानं मागे उलटायला लागली, पण मागे काही नव्हतंच. मार्कच्या शुभवर्तमानात तोवर ना चमत्कार, ना प्रवचन. गालीलातल्या नासरेथहून आला आणि यार्देन नदीत बाप्तिस्मा घेतला, एवढंच. बापाचा संतोष कामाच्या आधीच आला होता. हिची वही मात्र सगळा हिशेब चुकता झाल्यावर देव बोलेल, अशा समजुतीवर लिहिलेली.

पुढे वाचताना ती स्वतःच थांबली. त्या वाणीनंतर लगेच अरण्य, चाळीस दिवस. तिथे आकाशवाणी झाल्याचं कुठेच नाही. मत्तय आणि लूक यांची शुभवर्तमानं सांगतात की तिथे बोलला तो सैतान, आणि त्याने पुरावा मागितला: देवाचा पुत्र असशील तर धोंड्याची भाकर करून दाखव. "अजून एक पाप राहिलंय बघ" हा डोक्यातला सूर कुणासारखा वाटतो, एवढंच मी विचारलं. ती बराच वेळ रडली.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात तर आकाशवाणी होते तेव्हा जमावातले काही म्हणतात मेघगर्जना झाली, काही म्हणतात देवदूत बोलला. जागेवर हजर असलेल्यांचंच एकमत नाही! (सभेतल्या ताईंना मी खोटं म्हणत नाही. आपल्या अनुभवाची अट दुसऱ्याच्या नोकरीला लावणं मला पटत नाही, इतकंच.)

तिने हरकत घेतली, आणि ती रास्त होती. "डोंगरावर येशूचं रूपांतर झालं तेव्हा वाणीने आज्ञा दिलीच ना, 'याचे ऐका'?" दिली. पण पुणे की नागपूर, हे तिथेही सांगितलं नाही, म्हटल्यावर पहिल्यांदा हसली.

उपास थांबवायचा, ही माझी अट होती. रिकाम्या पोटी आणि अर्धवट झोपेत असले निर्णय होत नाहीत. पुण्याकडून मुदत वाढवून घेतली. मग आईला समोर बसवून पगार, खोलीभाडं, बीपीच्या गोळ्या, दोन गल्ल्या पलीकडे राहणारा मामा, सगळं कागदावर मांडलं. जायचं ठरलं. आईने तरी विचारलंच, "शब्द आला का तुले?"

"नाही आला," पोरगी म्हणाली.

आईने थोडा वेळ कागदाकडे बघितलं आणि तिकिटाचं विचारायला मामाला फोन लावला.