अनुभवाच्या दाखल्यासाठी कुठवर थांबावे?

प्रश्न : माझ्या मुलीचे जीएनएम (परिचारिकेची पदविका) झाले असून ती आठ महिन्यांपासून नाशिकमधील एका खासगी मनोरुग्णालयात नोकरी करते. रात्रपाळीला ती एकटीच सिस्टर असते, सोबत एक मावशी. रुग्ण आरडाओरडा करू लागला की त्याला पलंगाला बांधायला सांगतात आणि डॉक्टरांच्या परवानगीची नोंद सकाळी तिच्याकडून लिहून घेतात. तिची मूळ प्रमाणपत्रे रुग्णालयाकडेच आहेत. अनुभवासाठी तिने दोन वर्षे काढावीत का? – एक आई, सातपूर

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या मुलीने तेथे दोन वर्षे काढू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. एकटीने करावी लागणारी रात्रपाळी त्रासाची आहेच, परंतु मला खरी काळजी वाटते ती सकाळी लिहिल्या जाणाऱ्या नोंदीची. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार रुग्णाला किंवा इतरांना तत्काळ इजा होण्याचा धोका टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तरच, प्रभारी मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि गरजेपुरताच वेळ रुग्णाला बांधता येते, व त्याचे कारण आणि कालावधी लगेच केसपेपरवर लिहावा लागतो. कर्मचारी कमी आहेत एवढ्याच कारणाने बांधण्यास कायद्याने मनाई आहे. परवानगी नसताना ती होती असे लिहून खाली सही केली, तर उद्या जाब तिलाच द्यावा लागेल. आणि बांधलेल्या माणसाला तर त्या रात्री दाद मागायलाही कोणी नसते.

रुग्णालयाची या कायद्याखाली नोंदणी आहे का, हे तिने आधी पाहावे. नोंदणी नसलेल्या संस्थेत जाणूनबुजून मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून काम करणाऱ्यालाही 25,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

तेथे आहे तोवर तिने डॉक्टरांना किती वाजता फोन केला आणि काय सूचना मिळाली, हे त्याच वेळी लिहावे, आणि रात्री दुसरी सिस्टर मिळावी अशी लेखी मागणी करून तिची प्रत जवळ ठेवावी. रुग्णांचे फोटो किंवा कागद मात्र पुरावा म्हणूनही घरी आणू नयेत. गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. राजीनामा नियमाप्रमाणे मुदत देऊन द्यावा आणि त्याच पत्रात मूळ प्रमाणपत्रे व अनुभवाचा दाखला मागून पोच घ्यावी. तक्रार करायची झाल्यास राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे लेखी करता येईल.

मनोरुग्णांच्या सेवेचे हे क्षेत्रच तिने सोडू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण चुकीचे दिसल्यावर अस्वस्थ होणाऱ्या परिचारिकेची येथे फार गरज आहे. वैद्यकीय महाविद्यालयांतील मनोविकार विभागांत तिने प्रयत्न करावा. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील शासकीय मनोरुग्णालयांच्या भरतीवरही लक्ष ठेवावे. पुढे पोस्ट बेसिक बीएस्सी (जीएनएमनंतरची परिचर्येची पदवी) करून मनोविकार परिचर्येत एमएस्सी करता येते. नव्या ठिकाणी मुलाखतीला गेल्यावर रात्री किती सिस्टर असतात आणि डॉक्टर किती वेळात पोहोचतात, हे तिने पगाराच्या आधी विचारावे.

या आठ महिन्यांचा तिच्या झोपेवर व मनावर परिणाम झाला असेल, तर 14416 या टेली-मानस (शासनाची मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर तिला विनामूल्य बोलता येईल.