गावाकडे राहणाऱ्याने शहरात चालते तशी अगदी छोटी कार घ्यावी का?

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. दिग्रसकडचं गाव, घरात पाच माणसं, आठ एकर कोरडवाहू, पहिलीच कार. आणि सोयरे म्हणतात की कर्ज काढ पण मोठीच घे, छोटी गाडी शहरातच चालते. शेवटी पेट्रोल की सीएनजी असंही विचारलं आहे, ते नंतर बघू. 'छोटी गाडी शहरातच चालते' हे वाक्य मी माझ्याच घरात दहा वर्षं ऐकत आलो, म्हणून आधी त्याच्याबद्दल बोलतो.

मी दारव्हा तालुक्यातला कास्तकार. २०१३ च्या दिवाळीनंतर कापसाच्या पैशातून यवतमाळहून जुनी नॅनो घेतली. दोन वर्षं वापरलेली, पिवळी, नगदी पैसे मोजून. मोठ्या भावाने, दादाने, त्याच हंगामात सात सीटची डिझेल गाडी काढली, फायनान्सवर, पाच वर्षांच्या हप्त्यांनी. माझी गाडी आंगणात आली तेव्हा त्याने तिच्याभोवती चक्कर मारली. पुढचं झाकण उघडलं तर आत स्टेपनी आणि पेट्रोल भरायचं तोंड. मागची डिक्की बाहेरून उघडतच नाही, सामान टाकायचं तर मागची सीट पाडायची. दादा म्हणाला, "इंजिन मागं, पेट्रोल पुढं, डिक्कीले दरवाजा नाही. हे गाडी हाय का काय हाय?"

एवढ्यावर थांबला असता तर मी विसरलोही असतो. पण पुतणीच्या लग्नात, वऱ्हाड यायच्या तासभर आधी, तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुही गाडी शाळेच्या मागं ठेवजो. व्याही लोक मोठे हायत." ठेवली मी. सख्ख्या पुतणीचं लग्न होतं, वाद घालायचा दिवस नव्हता. पण ते वाक्य मनातून गेलं नाही.

आता ज्या रात्रीमुळे हे लिहितो आहे ती सांगतो.

पुतणीच्या लग्नानंतरचा दुसरा पोळा. पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळपासून झड लागली होती. बाबांना हृदयाचा त्रास जुना होता. रात्री अकराच्या सुमारास त्यांना दम लागला. आडवं केलं की जीव घुसमटायचा, बसवलं की थोडा श्वास यायचा. रुग्णवाहिका यायला वेळ होता. दादाची गाडी मारुतीच्या पारापाशी उभी होती, कारण ती आमच्या गल्लीत कधी शिरलीच नाही.

ही गल्ली समजून घ्या, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यात आहे. आमचं जुनं गावठाण बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, मापाने बसलेलं आहे. दोन्हीकडे घरांचे ओटे, मध्ये सगळ्यात अरुंद जागी सहा फूट. दादाची गाडी पावणेदोन मीटर रुंद, म्हणजे जवळपास पावणेसहा फूट, आणि आरसे वेगळे. नॅनो १,४९५ मिलिमीटर, पाच फुटांना किंचित कमी. लांबी ३.१ मीटर. आरसा दुमडला की ती गल्लीतून जाते, फाटकातून आत येते आणि आंगणात चार खेपा पुढे-मागे करून वळते सुद्धा. त्या रात्री ती ओसरीच्या पायरीला लागलेली होती.

दादा आणि दोन पोरं खाट आणायला धावली, पारापर्यंत न्यायला. मी म्हटलं, बाबांना आडवं करायचं नाही. पावसात दीडशे पावलं, खाटेवर, ज्या माणसाला आडवं झालं की श्वास येत नाही. दादाने माझ्याकडे पाहिलं आणि खाट खाली ठेवली. ओसरीवरून दोन पावलं चालवून बाबांना पुढच्या सीटवर बसवलं. नॅनो उंचीला चांगली आहे, साडेपाच फुटांच्या जवळ, सीटही उंच. म्हाताऱ्या माणसाला वाकावं लागत नाही आणि चढावंही लागत नाही, नुसतं टेकायचं असतं. दादाच्या गाडीत चढायला बाबांना एरवीसुद्धा दोघांचा आधार लागायचा. माय मागे बसली, बाबांच्या खांद्यावर हात ठेवून. तिच्या शेजारी दादा, सहा फुटांचा माणूस, गुडघे पोटाशी घेऊन.

गावापासून यवतमाळ पंचेचाळीस किलोमीटर. समोर एकच वायपर. रस्त्याला खड्डे, आणि तेही पाण्याने भरलेले, म्हणजे खोली कळत नाही. इथे छोट्या गाडीचं खरं दुखणं सांगतो: चाक. बारा इंची रिम. मोठं चाक ज्या खड्ड्यावरून निघून जातं त्याच खड्ड्यात बारा इंची चाक पूर्ण उतरतं. प्रत्येक धक्क्याला बाबा कण्हत होते आणि प्रत्येक वेळी ते मला माझ्या छातीत लागत होतं. चाळीसच्या वर नेलीच नाही. समोरून ट्रक आला की पाण्याची भिंत काचेवर यायची आणि गाडी बाजूला सरकल्यासारखी व्हायची. सहाशे किलोची गाडी, तिला वाराही लागतो. मागे दादा एक शब्द बोलला नाही. फक्त लोहारा आलं तेव्हा म्हणाला, "हळू ने, पोहोचलो आता."

फुफ्फुसात पाणी झालं होतं. ऑक्सिजन, इंजेक्शनं, पाच दिवस दवाखाना. बाबा घरी आले आणि त्यानंतर तीन वर्षं जगले.

भेटायला सोयरे येत राहिले. दादा प्रत्येकाला सांगायचा, "बाबाले रातोरात यवतमाळले नेलं." कशात नेलं, हे त्याने एकदाही सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. आज इथे सांगतो, कारण तुम्ही अनोळखी आहात आणि तुमच्या घरातही हाच वाद चालू दिसतो.

'छोटी गाडी म्हणजे शहराची' हे मुळातच चूक आहे. जपानमध्ये 'केई' नावाचा गाड्यांचा वर्गच आहे: इंजिन ६६० सीसीच्या आत, लांबी ३.४ मीटरच्या आत, रुंदी १.४८ मीटरच्या आत. तिथल्या खेड्यांत शेतकरी याच मापाचे छोटे ट्रक वापरतात, भाताच्या बांध्यांमधल्या चिंचोळ्या वाटांवरून. आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८०० जपानच्याच सुझुकीच्या छोट्या गाड्यांच्या घराण्यातली, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. आपल्या तालुक्याच्या गावांतल्या डॉक्टरांनी खेड्यापाड्यांच्या व्हिजिटा वर्षानुवर्षं त्याच गाडीतून केल्या, तेव्हा कोणी तिला शहरातली म्हटलं नाही. आणि आपल्या भागाने तर अडीच फुटी रुळांवरची शकुंतला आगगाडी पाहिली आहे. आमच्या दारव्ह्यावरून कापूस आणि माणसं दोन्ही नेली तिने. छोटं वाहन आपल्याला परकं कधीच नव्हतं. सोयऱ्यांमध्ये हप्त्याची गाडी दाखवायची हौस मात्र नवीन आहे.

दादाची बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर अन्याय होईल. कापूस वेचणीला सात-आठ बायांना वावरात सोडायचं तर त्याचीच गाडी कामाची होती. दोन क्विंटल सरकी-ढेप आणायची तरी त्याचीच. आणि पांदण रस्ता. आपली काळी माती पहिल्या पावसात चाकाला थापते, चाकाचा लाडू होतो आणि मडगार्डमध्ये गच्च बसतो. नॅनोचं इंजिन मागे आणि मागचीच चाकं ओढणारी, त्यामुळे चढावर पकड चांगली मिळते. पण पुढचं तोंड हलकं. चिखलात स्टिअरिंग फिरवलं तरी ते सरळच जातं. एकदा जुलैमध्ये मी हट्टाने वावरापर्यंत नेली आणि धुऱ्याजवळ फसली. चूक माझीच होती, पांदणीत चारचाकी न्यायचे ते दिवसच नव्हते. दादाने स्वतःची बैलजोडी आणून ती ओढून काढली. त्या दिवशी तो मला बोलू शकला असता, पण बोलला नाही. ही गोष्ट मी त्याच्या नावावर जमा धरतो.

२०१७ चा हंगाम तुम्हालाही आठवत असेल. गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटी खाल्ली, बोंडं उघडली तर आत सरकी किडकी. दादाचे शेवटचे वर्षभराचे हप्ते बाकी होते. त्याने तूर विकून दोन भरले, मग पुढचे चुकले, आणि मार्चमध्ये गाडी विकून फायनान्सचे पैसे मिटवले. मला त्याचा आनंद झाला नाही. पण त्या वर्षी माझ्या घरात गाडीपायी एक रुपया कोणाचा देणं नव्हता, हेही खरं आहे. कोरडवाहू माणसाने हप्त्याची गाडी घेऊ नये, हे माझं ठाम मत आहे. पिकाला दर महिन्याला पगार होत नाही, हप्ता मात्र दर महिन्याला येतो. ट्रॅक्टरचं मी समजू शकतो, तो कमावतो. मोठी कार नुसती खाते.

आता तुमच्यापुरतं. नॅनो २०१८ पासून बनत नाही, तिच्या मागे लागू नका. बारा इंची टायरसाठीसुद्धा मला यवतमाळला दोनदा जावं लागतं. नवीन घ्यायची तर अल्टो के१० बघा, साडेतीन मीटरची आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला आहे, आधी २८ आणि वर सेस होता. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचे भाव डोक्यात ठेवून शोरूममध्ये जाऊ नका. रेनॉची क्विड जमिनीपासून जास्त उंच आहे, खराब रस्त्याला बरी पडते. कॉमेट नावाची विजेची गाडी तीन मीटरच्याही आत आहे. पण तिला दोनच दरवाजे. मागच्या सीटवर आई-वडिलांना बसवायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरावं लागतं. तुमच्या पाच माणसांत म्हातारं कोणी असेल तर तो विषय तिथेच संपवा.

सुरक्षेचं मी आधीच सांगायला हवं होतं, भावाच्या गोष्टीत राहून गेलं. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने ताशी ६४ किलोमीटरला धडकवून पाहिलं तेव्हा नॅनोला आणि त्या वेळच्या अल्टो ८०० ला पाचपैकी शून्य तारे मिळाले. नॅनोत एअरबॅग नव्हतीच. २०२३ मध्ये अल्टो के१० ला मोठ्या माणसांसाठी दोन तारे मिळाले, मुलांसाठी शून्य. आता तिच्यात सहा एअरबॅग येतात, पण लहान आणि हलकी गाडी ती हलकीच राहते. समोर दहा चाकी कोळशाचा ट्रक असेल तर मापाचा फरक एअरबॅग भरून काढत नाही. मी माझी गाडी समृद्धीवर एकदाही नेली नाही आणि नेणार नाही. तिथे कारला ताशी १२० ची मुभा आहे, माझी गाडी सगळा जोर लावून १०५ जाते. मुलगी नागपूरला शिकते, तिला आणायला मी एस.टी.ने जातो. तुमचं नागपूर-पुण्याला वारंवार जाणं असेल तर माझं वर लिहिलेलं अर्धं विसरा आणि थोडी जड, चांगले तारे मिळालेली गाडी घ्या. जुनी चालेल, पण नगदी घ्या.

सीएनजी घेऊ नका असं माझं मत. टाकी डिक्की खाते, आणि पाच माणसं बसल्यावर डिक्कीच तुमच्या कामाची आहे. पंप तुमच्या रोजच्या वाटेवर असेल तर वेगळा विचार करा.

आणि सोयऱ्यांना विचारण्याआधी एक टेप घ्या आणि घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत गल्ली मोजा. ओटे, नळाचे चौथरे, विजेचा खांब, सगळं धरून. शोरूमवाला गाडीची रुंदी आरशांशिवाय सांगतो, आरसे स्वतः मोजा.