एमएसला निघण्याआधी लिहिण्या-बोलण्याची तयारी

खानापूरच्या भावा, तुझा प्रश्न थोडक्यात असा: दहावीपर्यंत मराठी शाळा, मग व्हीटीयूच्या, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या, कॉलेजातून मेकॅनिकल, आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेला एमएस. गणिताची भीती नाही, पण रिपोर्ट, प्रेझेंटेशन आणि टीएशिपला (प्रोफेसरांना शिकवण्यात मदत करायच्या कामाला) इंग्रजी पुरेल का? दोन महिने स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का?

माझं ऐकशील तर क्लासचे पैसे वाचव. मी शहापूरचा, तुझ्यासारखाच मराठी शाळेतला. पीएचडी करताना दोन वर्षं इथे अमेरिकेत विद्यापीठाच्या रायटिंग सेंटरमध्ये इंजिनिअरिंगच्या मुलांचे रिपोर्ट आणि थिसिस वाचायचं काम केलं. आपल्याकडची मुलं व्याकरणावर फारशी अडत नाहीत. ज्याला विषय माहीत नाही, त्याला तो समजावून सांगायची वेळच त्यांच्यावर कधी आलेली नसते, तिथे अडतात. परीक्षेत दहा मार्कांसाठी तीन पानं भरायची, तपासणाऱ्या सरांना उत्तर आधीच ठाऊक. शेवटच्या वर्षीचा सेमिनार म्हणजे स्लाइड वाचून दाखवायची.

तुझा प्रोजेक्ट बेळगावात उद्यमबागच्या फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, झालाय ना? मग सुरुवात तिथूनच कर. कास्टिंगमध्ये, म्हणजे साच्यात ओतून केलेल्या भागात, ब्लोहोल का पडतात, हे आधी घरी आईला मराठीत सांग. साच्याच्या मातीत ओल जास्त राहिली, तापलेला रस ओतला की त्याची वाफ होते, बाहेर पडायला वाट नसली की ती आतच अडकते आणि भोक राहतं. आईने मध्येच ‘म्हणजे काय रे?’ विचारलं तर ती जागा लिहून ठेव. मग हेच मोल्डिंगवरच्या, म्हणजे साचे करणाऱ्या, कन्नड कामगाराला कन्नडमध्ये सांग. त्याला ओलीचं वेगळं सांगावं लागत नाही, तो उलट तुलाच दोन गोष्टी शिकवेल. समोरचा माणूस बघून भाषाही बदलायची आणि सांगायचा क्रमही, हे आपल्या सीमाभागातलं पोर लहानपणापासून करतं. घरात मराठी, तहसील कचेरीत कन्नड, पुस्तकात इंग्रजी. याला कमीपणा मानू नकोस. मी तो बरीच वर्षं मानला आणि त्यापायी वर्गात गप्प बसलो.

आता लिहिण्याचं. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि मुद्दा मांडायची सवयही तशीच: आधी पार्श्वभूमी, मग कारणं, मग सापडलेलं. इंग्रजी रिपोर्टच्या गोषवाऱ्यात ‘कास्टिंग हा उद्योगाचा कणा आहे’ अशी चार वाक्यं वाचून प्रोफेसर पान उलटतात. ओल किती कमी केली आणि भोकं किती घटली, हे वर आणायला शीक. पुढचा साचा ठरलेला असतो: प्रश्न काय, केलं कसं, मिळालं काय, त्याचा अर्थ काय. ‘ए’ आणि ‘द’ चुकतील, कारण मराठीत ते नाहीतच. ते हळूहळू सुटतं. पर्ड्यू विद्यापीठाचं ऑनलाइन रायटिंग लॅब १९९४पासून इंटरनेटवर आहे, फुकट आहे, अडलं की तिथे बघ. नेटवरचा परिच्छेद उचलून रिपोर्टात चिकटवायची सवय मात्र बेळगावातच सोडून ये. इथे ती चोरी धरतात आणि त्यापायी कोर्स हातचा जाऊ शकतो. एआय कितपत वापरायचं, हे प्रत्येक कोर्सच्या सिलॅबसमध्ये लिहिलेलं असतं. नसेल तर आधी विचार.

बोलण्यात ‘आपला अॅक्सेंट’ ही अडचण नाही, शब्दातला जोर ही आहे. आपण ‘पॅरा-मीटर’ म्हणतो. इथे जोर ‘रॅ’वर, ‘प-रॅ-मि-टर’. ‘कंपोनंट’मध्ये ‘पो’वर, ‘डेव्हलप’मध्ये ‘व्हे’वर. ‘डिटरमाइन’ नाही, ‘डिटर्मिन’. जोर चुकीच्या जागी पडला की ऐकणारा शब्दच हरवतो आणि आपल्याला वाटतं आपलं इंग्रजी वाईट. तुझ्या विषयातले पन्नास शब्द काढ, डिक्शनरीतला आवाज ऐक, रोज पाच घोक. आणि ‘आय हॅव अ डाउट’ म्हणू नकोस. त्यांना वाटतं तू त्यांच्या म्हणण्यावर शंका घेतोस. ‘क्वेश्चन’ म्हण.

गणेशोत्सवातल्या वक्तृत्व स्पर्धांत तू बोलला असशीलच. लोकांसमोर उभं राहायचं धैर्य तिथलंच, ते जप. चढा आवाज आणि पाठ केलेली सुरुवात मात्र लॅबच्या मीटिंगमध्ये उपयोगाची नाही. सरावासाठी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८मध्ये सुरू केलेल्या थ्री मिनिट थिसिस स्पर्धेचा नियम घे: तीन मिनिटं, एकच स्लाइड, तीही हलती नाही. फोनवर रेकॉर्ड कर आणि दुसऱ्या दिवशी ऐक.

टीएशिपचं असं की बऱ्याच विद्यापीठांत बाहेरून आलेल्यांची बोलण्याची वेगळी परीक्षा असते किंवा टॉफल या इंग्रजीच्या परीक्षेतल्या स्पीकिंगमध्ये ठरावीक गुण लागतात. अट जागोजागी वेगळी, म्हणून डिपार्टमेंटला आत्ताच मेल कर. ‘रिस्पेक्टेड सर’ आणि ‘डू द नीडफुल’ नको. ‘डिअर प्रोफेसर’ आणि आडनाव, मग पहिल्या दोन ओळींत काय हवं ते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं, तो हिशेबही आधीच मांड.

पोहोचल्यावर पहिल्याच महिन्यात रायटिंग सेंटरची वेळ घे. ते नापासांसाठी नसतं. मी मात्र तसं समजून दीड वर्ष तिकडे फिरकलो नव्हतो, आणि माझा पहिला पेपर दोनदा परत आला तो त्याच काळात.

या आठवड्यात ब्लोहोलवर पाऊण पान इंग्रजीत लिही आणि मला पाठव. चुका दुरुस्त करून देणार नाही. वाचताना मला जिथे कळलं नाही, तिथे कडेला खूण करून परत पाठवेन, मग दुसऱ्यांदा लिही.