मी बडोद्यात शिकते, माझा जोडीदार पुण्यात आहे, एम.एस्सी.साठी जर्मनीला अर्ज करावा का?

अर्ज अवश्य करावा, कारण अर्ज म्हणजे जाण्याचा निर्णय नव्हे. जाण्याचा निर्णय प्रवेश हाती आल्यावर दोघांनी मिळून घेता येतो. सयाजीराव विद्यापीठातील मुलांचे असे अर्ज मी तपासून देते. एपीएस प्रमाणपत्र (तुमची शैक्षणिक कागदपत्रे खरी असल्याची जर्मनीकडून होणारी पडताळणी) मिळवण्यात आणि ब्लॉक्ड अकाउंटसाठी (व्हिसाकरता राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचे खाते) वर्षाचे ११,९०४ युरो उभे करण्यात इतका वेळ जातो की, नात्याचे काय ते ठरेपर्यंत थांबलात तर वर्ष हातचे जाईल. वेळेतील फरक उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा असल्याने पुण्यात रात्रीचे नऊ वाजतील तेव्हा तुमची संध्याकाळ असेल, त्यामुळे रोजचे बोलणे सुटणार नाही. मात्र त्याला अजून सांगितले नसेल, तर शुल्क भरण्यापूर्वी सांगा. व्हिसाच्या तारखेसोबत कळलेली बातमी मनाला फार लागते.