गडद पार्श्वभूमीवर पांढऱ्या पक्ष्याचा फोटो काढताना पिसांचा तपशील कसा टिकवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मागे सावलीतली गर्द झाडी असली की झाडी छान दिसते, पण बगळ्याच्या अंगावर एक पीस दिसत नाही, नुसता पांढरा आकार उरतो. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड हाताने कमी-जास्त करायची सोय) उणे किती ठेवायचं?

खरं सांगायचं तर असा एक ठरलेला आकडा नाही, आणि तो शोधत बसूही नका. कॅमेऱ्याच्या मीटरला समोर बगळा आहे की कोळसा, हे कळत नाही. फ्रेममधला एकूण उजेड मध्यम करड्याच्या आसपास आणून ठेवायचा, एवढंच त्याला ठाऊक. फ्रेमचा बराच भाग काळपट असला की तो सगळंच उजळवतो आणि पांढरा भाग जळतो, म्हणजे तपशील जाऊन कोरा पांढरा उरतो. आता बगळा फ्रेममध्ये लहानसा असेल तर उणे दीड ते दोन स्टॉप लागतील (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). तोच बगळा चालत जवळ आला आणि अर्धी फ्रेम भरली, तर उणे अर्धा किंवा अगदी शून्यही पुरेल. आणि फक्त मान-छाती फ्रेमभर घेतलीत तर उलट अधिक एक करावं लागेल, नाहीतर पांढरीशुभ्र पिसं मळकट करडी येतील. पक्षी तोच, ऊन तेच, तरी आकडा तीनदा बदलला.

म्हणून माझा सल्ला एकच: मॅन्युअल मोडवर या. बगळ्यावर पडणारं ऊन बदलत नाही तोवर त्याचं एक्स्पोजरही बदलत नाही, मागे झाडी असो, पाणी असो की आकाश. एकदा पांढऱ्यासाठी सेटिंग ठरवलं की तो झाडीसमोरून उडून आकाशात गेला तरी डायलला हात लावायचा नाही. ऑटो मोडमध्ये नेमकं इथेच सगळं बिघडतं, कारण पार्श्वभूमी बदलली की कॅमेरा आपलं मत बदलतो. एक गोष्ट मात्र आवर्जून तपासा: मॅन्युअलमध्ये आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ऑटोवर राहिला असेल तर एक्स्पोजर अजूनही मीटरच ठरवतोय. मॅन्युअल वापरूनही पांढरा जळतो अशी तक्रार असते तेव्हा मी सगळ्यात आधी हेच बघायला सांगतो.

सुरुवातीचं सेटिंग कुठून आणायचं? स्वच्छ उन्हासाठी जुना ‘सनी १६’ चा नियम अजूनही चोख आहे: एफ/१६ ला (एफचा आकडा म्हणजे लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) शटर स्पीड ‘एक भागिले आयएसओ’ सेकंद. आयएसओ ४०० असेल तर एफ/१६ ला १/४००, म्हणजेच एफ/८ ला १/१६००. हे झालं सर्वसाधारण विषयासाठी. पांढऱ्या पक्ष्यासाठी त्यातून साधारण एक स्टॉप कमी करा: आयएसओ ४००, एफ/८, १/३२००. सूर्य खाली असेल, पातळ ढग असतील, तर उजेड कमी असतो. मग इथून हळूहळू एक्स्पोजर वाढवत जा. स्पॉट मीटरिंग (फ्रेममधल्या एका लहान ठिपक्यावरच उजेड मोजणं) आवडत असेल तर थेट उन्हातल्या पिसांवर मोजून दीड ते दोन स्टॉप अधिक ठेवा. निकॉनने २०१४ च्या डी८१० पासून हायलाइट-वेटेड मीटरिंग (सगळ्यात उजळ भाग जळू नये असं मोजणं) दिलं आहे, सोनीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांतही तशी सोय आहे. ती उपयोगी आहे, पण पाण्यावर ऊन चमचमत असेल तर ती चमक वाचवण्याच्या नादात पक्षी जास्तच काळवंडतो.

पहिला फोटो काढला की हिस्टोग्रामवर (डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं किती आहे ते दाखवणारा आलेख) फार विसंबू नका. पक्षी लहान असेल तर डावीकडे काळ्याचा मोठा डोंगर दिसतो आणि उजव्या टोकाला बगळ्याचा उंचवटा इतका चिमुकला असतो की नजरेतून सुटतो. त्यापेक्षा हायलाइट अलर्ट, म्हणजे जळलेल्या भागावर लुकलुकणारी खूण, चालू ठेवा. मिररलेस कॅमेरा असेल तर झेब्रा, म्हणजे फोटो काढण्याआधीच अतिउजळ भागावर दिसणारे पट्टे. पंखाच्या खांद्याकडे बघा. तिथला गोलसर भाग थेट सूर्याकडे असतो, म्हणून सगळ्यात आधी तोच लुकलुकतो. लुकलुक थांबेपर्यंत शटर एक तृतीयांश स्टॉपने वेगवान करत जा, आणि थांबली की तिथेच राहा. ‘सुरक्षित’ म्हणून आणखी दोन स्टॉप खाली गेलात तर नंतर उजळवताना पिसांच्या सावलीत नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, येतो. अलर्ट जेपेगवर आधारलेला असतो, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) थोडी जागा आणखी मिळते; पण लाल, हिरवा, निळा हे तिन्ही चॅनल जळलेले असतील तर कुठलाही स्लायडर पीस परत आणत नाही.

पार्श्वभूमी गडद करणं हे कॅमेऱ्यापेक्षा पायांचं काम. उघड्या सावलीत उन्हापेक्षा ३ ते ४ स्टॉप कमी उजेड असतो. म्हणजे पक्षी उन्हात आणि त्याच्या मागचा काठ सावलीत, अशी जागा सापडली की पांढऱ्यासाठी एक्स्पोजर ठेवताच मागचं आपोआप काळं होतं. दोन पावलं डावी-उजवीकडे सरकूनही फरक पडतो. पाण्यात उभा पक्षी असेल तर खाली बसा किंवा झोपाच: उभ्याने पाहिलं तर पाण्यात आकाश दिसतं, जमिनीलगत पाहिलं तर पलीकडच्या सावलीतल्या काठाचं प्रतिबिंब येतं. घरट्यावरच्या पक्ष्यासाठी मात्र जवळ सरकू नका.

उजेड निवडायला मिळत असेल तर दुपार सोडून द्या. मला स्वतःला कोवळं, थोडं बाजूने येणारं ऊन सगळ्यात प्रिय आहे. विणीच्या काळात मोठ्या बगळ्याच्या पाठीवर जी लांब तलम पिसं येतात, त्यांचा एकेक धागा अशा उन्हात सुटा दिसतो, आणि मागे काळं असेल तर कडेचे धागे उजळून निघतात. समोरून सपाट ऊन आलं की तेच धागे एकमेकांत मिसळून जातात.

फोकस डोळ्यावर. कॅमेऱ्यात पक्ष्यांचा डोळा ओळखायची सोय नसेल तर चोचीच्या मुळाशी धरा. छातीच्या सलग पांढऱ्यावर फोकसला पकडायला काहीच नसतं आणि तो मागेपुढे भटकतो.

एडिटिंगमध्ये हायलाइट्स थोडे खाली आणा, शॅडोज अजिबात उचलू नका. सकाळच्या उन्हाची पिवळसर झाक पूर्ण पुसू नका, नाहीतर सावलीतली बाजू निळी पडते. शेवटी छातीवर कर्सर फिरवून आकडे वाचा (० म्हणजे काळं, २५५ म्हणजे कोरं पांढरं): २३५ ते २४५ च्या आसपास असतील तर पिसं शाबूत आहेत. २५५ फक्त चोचीवरून ओघळणाऱ्या थेंबाच्या चमकेला चालतो.